नापास झालेला आवाज

माझी बायको गेली तेव्हा घरात तिचं सगळं जागच्या जागी होतं. लुगडी होती, तिनं शिवलेल्या गोधड्या होत्या, मिसळणाच्या डब्यात तिनं भरलेली मोहरी होती. तिचा आवाज तेवढा नव्हता. लग्नकार्यात कुणी मोबाईल समोर धरला की ती पदर तोंडावर घ्यायची आणि बाजूला सरायची. पोराच्या मोबाईलमध्ये ती दिसते, पण पाठमोरी, आणि वरून बँड वाजतोय.

म्हणजे आवाज कुठंच नाही असं नाही. आहे. पण तो देशाच्या मालकीचा आहे. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं हा काही माझा धंदा नाही. तरी हे लिहितोय, कारण सांगायला गेलं की लोक म्हणतात, आबा, जाऊ द्या आता. मला जाऊ द्यायचं नाही.

आमचं गाव इंद्रायणीच्या काठाला, इंदुरी आणि आंबीच्या मध्ये कुठंतरी धरा. भाताची जमीन. थोडी कारखान्यांना गेली, थोडी राहिली. राहिलेल्या जमिनीत मी भात केला आणि गेलेल्या जमिनीवर जी कंपनी उभी राहिली तिच्या गोडाऊनात हमाली केली. तर त्याच बाजूला, कारखान्यांच्या रांगेत, एक नवी इमारत झाली. खिडक्या नाहीत. बाहेर थंड करायच्या मशिनींची दिवसभर घरघर. बायको म्हणाली, "बटाटं ठिवनार आसतील." आम्हाला दोघांनाही वाटलं कोल्ड स्टोरेज आहे.

पुढं कळलं की आत बटाटे नाहीत, विचार करणारी मशिनं आहेत. ती म्हणे इतकी महाग की एकट्यादुकट्या कॉलेजला परवडत नाहीत. म्हणून देशानं मिळून घ्यायची आणि सगळ्यांनी पाळीपाळीनं वापरायची. हे मला लगेच समजलं. आमच्या भावकीत सामाईक विहीर आहे. उताऱ्यावर ज्याचं नाव त्याला पाळी, आणि मोटार जळाली की दुरुस्तीला कुणीच नाही. मी बायकोला म्हणालो, "सामाईक म्हंजी भांडान." ती म्हणाली, "तुमच्या भावकीत. देशात आसं नसतंय."

तिचा देशावर भरवसा होता. माझा तिच्यावर होता.

मशिनाला माणसाची भाषा शिकवावी लागते. आणि त्याला इंग्रजी येते, आपली येत नाही. म्हणून गावोगाव फिरून बोलणं गोळा करायचं आणि तेही एका सामाईक कोठारात ठेवायचं, म्हणजे कोणीही त्यातून घेऊन आपलं मशीन शिकवावं, असं ठरलं. त्यासाठी एक मुलगी आमच्या गावात आली. लोणावळ्याची. लोकलनं घोरावाडीला उतरायची आणि तिथून रिक्षा करून यायची. उन्हानं लाल व्हायची बिचारी.

बायका तिला दारातूनच परत लावत होत्या. माझ्या बायकोनं बोलावून पाणी दिलं, आणि काय काम आहे ते ऐकल्यावर म्हणाली, "मी बोलते."

मी चाट पडलो. मोबाईल बघून पळणारी ही बाई! पण तिला कारण होतं. आदल्या वर्षी कापणीच्या तोंडाला पाऊस झाला आणि भात आडवा पडला. विम्यासाठी फोन करायचा होता. पोर कामावर, मला ती बटणं दाबत बसायचं जमत नाही, म्हणून हिनं लावला. पलीकडं माणूस नव्हता, मशीन होतं. ते म्हणालं, कृपया आपली तक्रार सांगा. ही म्हणाली, "आवो, भात समदा आडवा झालाय, पान्यात हाय." मशीन म्हणालं, क्षमस्व, समजलं नाही. हिनं परत सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, हात हलवून सांगितलं. क्षमस्व. शेवटी हिनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ह्येला कान हायेत का भोकं?"

तो राग तिच्या मनात राहिला होता. ती त्या मुलीला म्हणाली, "आमचं बोलनं कळत न्हाई त्येला. आमीच सांगितलं न्हाई तर कळंल कसं?" मग त्या मुलीनं दाखवलेल्या कागदावर सही केली. सही करायला तिला लय आवडायचं, साक्षरतेच्या वर्गात शिकली होती.

देवळात आवाज घुमतो म्हणून आमच्याच आतल्या खोलीत काम करायचं ठरलं. मुलीनं विचारलं, जाड कापडं आहेत का? बायकोनं होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या काढल्या आणि दोघींनी मिळून दारावर, खिडकीवर, भिंतीच्या खुंट्यांवर टांगल्या. खोली अशी दिसायला लागली की आत कुणी बाळंतीण आहे. मुलीनं नियम सांगितले. कुणाचं नाव घ्यायचं नाही, गावाचं नाव घ्यायचं नाही, फोन नंबर सांगायचा नाही. बायको हसली. "नाव तर मी लगीन झाल्यापासनं घेतलं न्हाई ह्यांचं. आता काय घेती."

"आणि मावशी, घरी बोलता तसंच बोला बरं का," मुलगी म्हणाली.

"तसंच बोलती की."

मुलीनं बटण दाबलं. आणि माझी बायको, जिनं जन्मात 'न्हाई'च्या जागी 'नाही' म्हटलं नव्हतं, ती ताठ बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "नमस्कार. आमच्याकडे भाताची लागवड कशी करतात ते मी आपल्याला सांगणार आहे."

मी ओटीवर बसलो होतो. मला वाटलं रेडिओ लागला.

मुलगी म्हणाली, "मावशी, असं नाही हो. तुमचं तुमचं बोला. 'हितं', 'तितं', 'लय', असं."

"हां हां, कळलं," बायको म्हणाली. परत बटण. परत, "आमच्याकडे पाऊस पुष्कळ पडतो."

मुलीनं हात जोडले, लाडानं सांगितलं, रागानं सांगितलं. मधेच बंद केलं की ही आपली नेहमीची, "आगं पोरी, सुपारी खातीस का?" बटण दाबलं की पुन्हा शाळेतल्या बाई. पाहुण्यांसमोर आपण चांगलं लुगडं नेसतो की नाही, तसं तिनं चांगलं बोलणं नेसलं होतं. पाहुणा म्हणतो, आहात तसेच बसा, म्हणून कुणी फाटकं घालून बसतं का? आणि हा पाहुणा तर साधा नव्हता. देश ऐकणार होता. शिवाय तिच्या डोक्यात त्या फोनचं होतं. मशिनाला आपलं कळत नाही, तर कळेल असं बोलावं. मुलीला पाहिजे होतं ते अगदी उलटं, पण ते त्या गोधड्यांच्या खोलीत कुणालाच कुणाला समजावता आलं नाही.

मला हसण्याचा अधिकार नाही. हे लिहिताना मीही 'नाही' लिहितोय. मास्तरांनी छडीनं शिकवलेलं हातातून जात नाही.

बरेच दिवस ती मुलगी येत होती. बायको बोलत होती. आवणी, कापणी, बाळंतिणीला काय द्यायचं, म्हैस आटली तर काय करायचं, सगळं. मग काम संपलं, मुलगी पाया पडून गेली, गोधड्या परत फडताळात गेल्या.

पुढच्या वर्षी बायकोला दम लागायला लागला. छातीत शीळ वाजायची. तळेगावला दवाखाने केले. भादव्यात गेली. जास्त लिहीत नाही.

घरात माणसं होती तोवर ठीक होतं. तेरावं झालं, पोर कामावर जायला लागलं, सून तिच्या कामाला लागली, आणि दुपारी घरात मी एकटा. माणूस गेल्यावर पहिल्यांदा काय जातं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तोंडवळा राहतो, फोटो आहे. पण ती मला हाक कशी मारायची, 'आवो' म्हणताना शेवटाला कसं ओढायची, ते मी आठवायला बसलो आणि आठवेना. शब्द आठवायचे, आवाज यायचा नाही. माझ्याच आवाजात ऐकू यायचं. मी घाबरलो. मग ते गोधड्यांचं आठवलं.

सुनेकडून मुलीचा नंबर शोधून घेतला आणि लोणावळ्याला गेलो. आता ती एका शाळेत शिकवत होती. मला बघून तिच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाली, "आबा, मावशींचं सगळं रेकॉर्डिंग मी जमा करून टाकलं. माझ्याकडे ठेवायची परवानगीच नव्हती. पण केंद्रात आहे, तुमच्या गावाजवळच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारतीत. सगळ्या देशासाठी खुलं आहे."

"मला मिळंल?"

"मिळायला पाहिजे. पण आबा, एक सांगू? त्यात मावशी सगळीकडे शुद्ध बोलल्यात. एकच फाईल आहे जिच्यात त्या खऱ्या बोलल्यात. तुम्ही मधेच आत आला होतात, आठवतं? बटण चालूच राहिलं होतं."

मला आठवत नव्हतं.

"तुम्ही दोघं असं काही बोललात ना, मी हसून हसून पडले. ती फाईल केंद्रानं नाकारली."

"म्हंजी नापास?"

"हो, तसंच. वेगळ्या ढिगात टाकतात त्या. पण असेल अजून. तुम्ही जा."

त्यानंतर मला तेच पाहिजे होतं. बाकीचं देशाला लखलाभ. मला ती नापास झालेली पाहिजे होती.

त्या बिनखिडक्यांच्या इमारतीत मी गेलो. गेटवर विचारलं, कोणत्या कंपनीकडून? म्हटलं, घरून. आत थंडी अशी की कानटोपी घालावी. एक चष्मेवाले साहेब भेटले, पन्नाशीचे, तळेगावचेच. माणूस वाईट नव्हता. चहा दिला, ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, आपल्या पत्नीचं नाव इथे कुठेच नसणार. आवाजाबरोबर नाव ठेवायचंच नाही असा नियम आहे. त्यांच्याच सुरक्षेसाठी. प्रत्येकाला फक्त एक नंबर दिलेला आहे, आणि कुणाचा नंबर कोणता, ते कागद काम झाल्यावर नष्ट केलेत."

"मग सापडायची कशी?"

"ऐकून. पुणे जिल्हा, स्त्री, साठीच्या पुढची, एवढं निवडता येतं. पण त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "उद्देश निवडायचा. संशोधन, शिक्षण, उद्योग, शासकीय."

"यात नवरा कुटंय?"

ते हसले, मग हसू आवरलं. "तसा पर्याय नाही."

"जगातला कुनीबी धंदेवाला तिचा आवाज नेऊ शकतो आन् मी न्हाई?"

"काका, तो एका व्यक्तीचा आवाज नेत नाही. तो सगळ्यांचा मिळून नेतो. तुम्ही एका व्यक्तीचा मागताय. आणि ती तुमचीच पत्नी याला पुरावा काय? त्यांनी स्वतः संमती दिली आहे. पतीची संमती लागत नाही, तसा पतीला वेगळा हक्कही येत नाही."

विहिरीचंच झालं हे. झरा आमच्या बांधातला, आणि उताऱ्यावर नाव नाही म्हणून पाळी नाही. मी उठलो नाही. खुर्ची धरून बसलो. म्हातारा माणूस बसून राहिला की लोकांची अडचण होते, एवढी एक ताकद आम्हाला देवानं ठेवली आहे. थोड्या वेळानं साहेबांनी स्वतःच्या नावानं यंत्र उघडलं आणि माझ्या कानाला ते हेडफोन लावले.

बायका बोलायला लागल्या. एकेक वाक्य, तुटक तुटक, एकीचं संपलं की दुसरीचं. मुळशीकडच्या, जुन्नरकडच्या, कुठकुठच्या. कुणी भाकरी सांगतेय, कुणी देवीची जत्रा. सगळ्याजणींचे नवरे 'हे'. 'हे' शेतावर जातात, 'ह्यांना' तिखट लागतं. एवढ्या बायकांचा मिळून एकच नवरा असल्यासारखं. मी आपला प्रत्येकीला म्हणत होतो, ही न्हाई, पुढं. ही बी न्हाई, पुढं. माझा कान 'न्हाई'साठी, 'आवो'साठी टवकारलेला. आणि या सगळ्याजणी शुद्ध बोलत होत्या. मला तेव्हा समजलं की आमचीच एकटी नव्हती. अख्ख्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांनी देशासाठी चांगलं बोलणं नेसलं होतं.

एक आवाज म्हणाला, "पाहुण्यांना जेवल्याशिवाय आम्ही जाऊ देत नाही." मी म्हटलं, ही न्हाई. साहेबांनी पुढचं लावलं. मी त्यांचा हात धरला. मी म्हटलं, "थांबा. मागचं लावा." वाक्य सुरू व्हायच्या आधी एक श्वास होता. त्याला बारीक शीळ होती. तेव्हाच सुरू झाली होती तर, आणि आम्ही कुणी ऐकली नव्हती. आजारपणात तो श्वास ऐकत मी तिच्या उशाशी बसलेला आहे. शब्द ऐकून मी तिला ओळखलं नाही. दम ऐकून ओळखलं.

साहेबांनी नंबर बघितला. त्या नंबराची बाकीची वाक्यं लावली. त्यातली कित्येक मी मघाशीच 'ही न्हाई, पुढं' म्हणून टाकून दिली होती. इतकी वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिला मी माझ्याच तोंडानं पुढं ढकललं. हे मला त्या मशिनानं करायला लावलं. त्याबद्दल मी त्याला माफ करणार नाही, त्याला माफीचं कळत असलं तरी.

"आता नापास ढीग बघा," मी म्हणालो.

साहेबांनी बघितलं. होती. शेजारी कारण लिहिलं होतं, त्यांनी वाचून दाखवलं. दोन आवाज एकावर एक. पार्श्वभूमीत जनावर. भाषा अस्पष्ट.

त्यांनी ती हेडफोन काढून मोठ्यानं लावली. मी जसंच्या तसं खाली लिहितो, कारण ते आता दुसरीकडे कुठं नाही.

ती म्हणतेय, "रोपं काढून झाली की आम्ही त्यांच्या जुड्या बांधतो आणि मग..." तेवढ्यात दार. मी. "आगं, चष्मा कुटंय?"

"आवो, बोलतीय न्हवं मी! दिसत न्हाई व्हय?"

"चष्मा न्हाई तर काय दिसतंय?"

"म्हशीला इचारा. रोज तितंच काढून ठिवता गोठ्यात. तिनं घातला आसंल."

"ती वाचतीय का?"

"तुमच्यापरीस बरं वाचंल. आन् त्यो पाय कुटं घातला? सारवलंय न्हवं हितं! मागं व्हा, मागं! चा झाकून ठिवलाय, वतून घ्या. माजी वाट बघत बसू नका." मग मुलीकडे वळून, हलकेच, "ह्यांस्नी एकट्याला कायबी सापडत न्हाई बघ. मी न्हाई तर कसं व्हायचं ह्यांचं." आणि मुलगी हसतेय, आणि म्हैस मागं ओरडतेय.

संपलं. साहेबांनी न विचारता परत लावली. 'आवो' तसंच होतं, शेवटाला ओढलेलं.

"भाषा अस्पष्ट?" मी म्हणालो. "काय अस्पष्ट हाय यात? सांगा."

साहेब चष्मा पुसत होते.

"याची कापी द्या मला. बाकी कायबी नको."

ते म्हणाले, तेच नेमकं देता येत नाही. पास झालेलं कोठारात खुलं आहे, ते आज ना उद्या कुठूनही मिळेल. नाकारलेलं तपासून साफ केलेलं नसतं, म्हणून ते बाहेर द्यायचंच नाही, आणि ठरावीक मुदतीनं पुसून टाकायचं.

"मग हेच पास करा. त्या पोरीला आसलंच पायजे व्हतं. तुमाला आसलंच पायजे व्हतं! घरातली मानसं बोलत्यात तसं. आन् तेच आलं तर नापास?"

"काका, दोघं एकदम बोललेलं मशिनाला शिकता येत नाही. एका वेळी एकच आवाज लागतो."

"मग त्येला म्हनावं लगीन नको करू."

यावर ते हसले आणि मीही हसलो, काय करणार. मग त्यांना सुचलं. म्हणाले, "काका, तुम्हीच बोला ना. इकडच्या बोलीतले पुरुष कमी आहेत आमच्याकडे. आत खोली आहे. आपण तुमचा आवाज कोठारात ठेवू. घरी बोलता तसं बोलायचं फक्त."

"घरी मी बोलत न्हाई आता," मी म्हणालो. "कुनासंगं बोलू?"

माझ्यासमोरच त्यांनी एक कागद काढून दिला. अर्ज करा म्हणाले, वर पाठवतो, माझ्या हातात असतं तर दिलं असतं. मी घरी येऊन सुनेकडून अर्ज लिहून घेतला. काय लिहायचं तेही तिला समजेना. "आबा, आईंचं दुसरं चांगलं बोललेलं मिळतंय म्हणताय ना, मग हेच कशाला? यात तर भांडण आहे." मी म्हटलं, लिही. तिनं लिहिलं. पोरानं नेऊन दिला.

मग वाट बघणं. कंपनीच्या गेटवरून जाताना त्या इमारतीची घरघर ऐकू यायची आणि मला वाटायचं, आत कुठंतरी ती मला मागं व्हा म्हणतेय. थंडीत. तिला थंडी सोसत नव्हती.

एके दिवशी साहेबांचा फोन आला. आवाजावरूनच समजलं. म्हणाले, "काका, अर्ज वर होता, तेवढ्यात मुदत संपली. यंत्र आपोआप पुसतं. मला आज कळलं." मग म्हणाले, "नियम गोपनीयतेचा आहे. तुमच्या पत्नीच्याच खाजगीपणासाठी."

"माज्यापासनं?" मी विचारलं.

मी फोन ठेवला. त्या माणसाला शिव्या द्याव्यात असंही वाटलं नाही. शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या, कारण कुणी पुसलंच नाही. आपोआप पुसलं गेलं. पूर्वी एखाद्याचं वाईट करायचं तर निदान माणूस लागायचा.

देशाचं चांगलं होईल म्हणतात. होवो. कॉलेजची पोरं त्या कोठारातून आवाज घेतील, मशिनं शिकवतील, ती मशिनं पुढं फोनवर बसतील. आणि आमच्या गावातली एखादी म्हातारी पावसानंतर फोन लावून म्हणेल, भात समदा आडवा झालाय, आणि मशीन म्हणेल, क्षमस्व. कारण त्याला जी बाई शिकवून गेली ती 'पुष्कळ पाऊस पडतो' म्हणणारी. 'पान्यात हाय' म्हणणारी नापास केली. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. माझ्या बायकोनंही केलं.

वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवले. सुनेचा भाऊ इंजिनिअरिंगला आहे, त्यानं संशोधन म्हणून नोंदणी केली होती आणि अर्जातला तो नंबर घालून सगळी पास वाक्यं उतरवून आणली होती. मला सांगितलं नव्हतं, आबांना खूश करू म्हणून. पानं उठायच्या आतच त्यानं तो लहान स्पीकर फोटोच्या शेजारी ठेवला.

"नमस्कार. आमच्याकडे भाताची लागवड कशी करतात ते मी आपल्याला सांगणार आहे."

सून पदरानं डोळे पुसायला लागली. माझी मेहुणी, बायकोची पाठची बहीण, भिंतीला टेकून हमसून रडत होती. "किती ग्वाड बोलती माजी भन," ती म्हणाली. "कशी मास्तरीनवानी बोलती!"

"ही आशी बोलत न्हवती," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेहुणीनं नाक ओढलं आणि म्हणाली, "दाजी, आता तरी तिला नावं ठिवू नका. जित्तेपनी ठिवली ती बास झाली."

मी सांगायला तोंड उघडलं. चष्म्याचं, म्हशीचं, ती मला मागं व्हा म्हणाली ते. पण सांगितलं असतं तर ते माझ्या आवाजात निघालं असतं. आणि खरं सांगायचं तर, आता डोळे मिटले की मलाही हीच ऐकू येते. नमस्कार म्हणणारी. खरी मी फक्त दोनदा ऐकली, ही मात्र पाहिजे तेवढ्या वेळा लावता येते.

"परत लाव रे," मेहुणी म्हणाली. "पहिल्यापासनं."

त्यानं पहिल्यापासून लावलं. मी पत्रावळी गोळा करायला लागलो.